कठीण चुनखडकातून सूक्ष्मजीवाश्म काढण्याच्या पद्धती

खडकात घट्ट बसलेली, भिंगाखालीच नीट दिसणारी कवचे, दात, खवले किंवा बीजाणू न मोडता मोकळे करण्याच्या या पद्धती. मऊ माती भिजवून चाळली की भागते. कठीण चुनखडक भिजत नाही आणि हातोड्याने बारीक केला तर जीवाश्मही फुटतात. म्हणून आम्ल वापरतात. कोणते, हे काय शोधायचे त्यावर ठरते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिजदुरा-डोंगरगावचे लमेटा थर (बेसाल्टच्या खालचे गाळाचे थर) आणि नागपूरजवळच्या टाकळीचा, बेसाल्टच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेला तळ्याचा गाळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. अशा थरांतले माशांचे दात फॉस्फेटचे असतात. खडकाचे तुकडे सुमारे १० टक्के ॲसिटिक आम्लात ठेवले की चुना फसफसून विरघळतो, दात उरतात. घाई मात्र नडते. नुसते आम्ल दातांनाही खाते, म्हणून आधीच्या खेपेचे कॅल्शियम ॲसिटेटयुक्त द्रावण त्यात मिसळतात. फेस थांबला की गाळ ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेने धुऊन वाळवतात. मग ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण उचलायचा. राखाडी रेतीत तपकिरी, चकचकीत दात लगेच नजरेत भरतो.

ऑस्ट्रॅकॉडची (दोन शिंपल्यांत राहणाऱ्या इवल्या कवचधारी जलचरांची) कवचे आणि कॅरोफाइट शैवालांची फळे स्वतःच चुन्याची असतात. तेच आम्ल त्यांना गिळून टाकते. त्यांच्यासाठी ८० टक्के ॲसिटिक आम्ल थंडच वापरतात. ऐकायला उलटे वाटते, पण पाणी कमी असले की आम्लाचे आयनीभवन (रेणू फुटून विद्युतभारित कण होणे) घटते आणि ते कणांच्या सांध्यांतून खडक सैल करते. तरीही सारखे लक्ष ठेवावे लागते. काहीच जमले नाही तर ३० मायक्रॉन जाडीचा काप घासतात. त्यात कवचाचा फक्त छेद दिसतो.

सेंद्रिय भित्तीचे, म्हणजे बीजाणूंसारखे, जीवाश्म हवे असतील तर हायड्रोक्लोरिकनंतर हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. हायड्रोफ्लुओरिक कातडीतून हाडापर्यंत पोहोचते; धूरकपाट (वाफा बाहेर ओढणारे बंदिस्त कपाट) आणि प्रशिक्षित हातांशिवाय त्याला शिवूच नये.

वणी-मुकुटबनचा पैनगंगा चुनखडक दात-कवचांचे प्राणी येण्याच्या कितीतरी आधीचा. त्यात दात शोधणे व्यर्थ. बेसाल्टमधल्या गाळाचा पुष्कळ ठिकाणी चर्ट (सिलिकाचा कठीण खडक) झालेला असतो, तो ॲसिटिक आम्लाला दाद देत नाही. म्हणून आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून खडक फसफसतो का ते पाहावे. शेताच्या धुऱ्यावर रचलेला गोटा कोणत्या थरातला हे सांगता येत नाही, म्हणून नमुना थरातूनच घ्यावा आणि त्याचा एक तुकडा आम्लात न घालता खुणेसह जपून ठेवावा.