ग्लासातली हळद का उजळते?

जून २०२५ मध्ये घरोघरच्या फोनवर एक रील फिरलं. अंधारी खोली, मोबाईलच्या टॉर्चवर ठेवलेला पाण्याचा ग्लास, वरून चिमूटभर हळद, आणि बघता बघता सगळा ग्लास सोनेरी. आत्यानं ग्रुपवर टाकलं की मुलं लगेच स्वयंपाकघरात पळणार, हे चांगलंच आहे. सांगलीत तर सामान शोधायलाही नको. राजापुरी हळदीचे सौदे इथेच निघतात आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण चार घरं फिरता फिरता रीलखाली एक ओळ चिकटते, "शुद्ध हळदच अशी चमकते." ही ओळ खोटी आहे आणि ती कशी खोटी, हे घरीच पाहता येतं.

आधी प्रयोग नीट जमायला हवा. सरळ बाजूंचा, नक्षी नसलेला काचेचा ग्लास घ्या आणि त्यात साधारण २०० मिली पाणी भरा. फोन पालथा ठेवून टॉर्च लावा. ग्लासाचं बूड पुसून घ्या, फोनवर पातळ पारदर्शक पिशवी पसरा, नाहीतर ओघळलेलं पाणी थेट फोनमध्ये जाईल. हळद चिमटीत अगदी थोडी घेऊन वरून भुरभुरवा. अर्धा चमचा टाकली तर पाणी इतकं गढूळ होतं की उजेड तळातच अडकतो आणि वरचा भाग काळपट राहतो. हळद वर तरंगत राहिली तर ती कोरडी पूड पृष्ठताणामुळे अडलेली असते. ग्लासाला बोटानं हलकी टिचकी मारली की खाली उतरते.

आता शेजारी तसाच दुसरा ग्लास ठेवा आणि त्यात चिमूटभर तांदळाचं पीठ टाका. तोही उजळतो, फक्त पांढरा. तिसऱ्यात दुधाचे दोन थेंब टाका. तोही उजळतो. म्हणजे चमक ही हळदीची खास करामत नाही. स्वच्छ पाण्यातून उजेड सरळ वर निघून जातो, डोळ्याकडे वळत नाही. पाण्यात बारीक कण आले की ते उजेड सगळीकडे विखुरतात आणि बाजूनं पाहणाऱ्याला उजेडाची वाट दिसू लागते. यालाच टिंडाल परिणाम म्हणतात.

मग सोनेरी रंग कुठून आला? मोबाईलच्या पांढऱ्या एलईडीत निळा उजेड भरपूर असतो. हळदीतलं कुर्कुमिन, म्हणजे तिला पिवळेपण देणारं रसायन, नेमका जांभळा-निळा उजेड शोषतं. उरतो तो पिवळा, केशरी, लाल. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद धरून पाहा, हळदीचा आणि पिठाचा ग्लास जवळपास सारखाच दिसेल. निळा कागद धरला तर हळदीचा ग्लास पिठापेक्षा मंद पडतो. आणि खाली उतरणाऱ्या त्या सुंदर लडी? मोठा कण भरभर बसतो, बारीक कण रेंगाळतो. व्यास निम्मा झाला तर बसण्याचा वेग चौपट कमी होतो. त्यामुळे गिरणीतली जाडसर हळद लवकर खाली बसते, पाकिटातली बारीक हळद बराच वेळ तरंगते. यातून दळण कळतं, भेसळ नाही.

हळद खरोखर स्वतः उजेड टाकते ते पाहायचं तर पाणी चालत नाही, कारण कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ३० मिली पातळ, अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये (जेल नको) एक चमचा हळद ढवळा, १० मिनिटं बसू द्या आणि वरचं पिवळं द्रावण फडक्यातून गाळा. गॅस बंद ठेवा, हे द्रावण पेट घेतं. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च त्यावर मारा, हिरवट-पिवळी झळाळी दिसेल. खाली काळा कागद ठेवा. पांढऱ्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळी चमकून सगळा निकाल बिघडवतात. टॉर्चकडे थेट पाहू नका.

भेसळीचे व्हिडिओ मात्र जास्त काळजीनं पाहावेत. "साबण लावला आणि हळद लाल झाली, म्हणजे रंग मिसळलाय" हे साफ चुकीचं आहे. अल्कली, म्हणजे साबण, चुना, सोडा असा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, लागली की शुद्ध हळद लाल होतेच. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते याच गुणामुळे. पाण्याची चाचणी काही अंशी कामाची आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवली तर शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. मेटॅनिल यलोसारखा पाण्यात विरघळणारा रंग असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पण लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रसायन, पाण्यात विरघळत नाही. ते हळदीबरोबर गुपचूप तळाशी जातं आणि चाचणी "पास" होते. हळकुंडाला पॉलिश करताना ते चोळलेलं असेल तर पाण्यात टाकताच रंग सुटतो. पुडीत ते घरी ओळखणं भरवशाचं नाही, मान्यताप्राप्त अन्नतपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. मेटॅनिल यलोसाठीची, आम्ल टाकून गुलाबी रंग पाहायची चाचणी घरी करू नये. तिला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, लिंबू पुरत नाही. शिवाय तीव्र आम्लात शुद्ध हळदही लालसर होते. पाणी घातल्यावर लाली टिकते की जाते, यावरच निकाल ठरतो.

गाळलेलं द्रावण उरलं असेल तर टीपकागदाच्या पट्ट्या त्यात भिजवून सावलीत वाळवा. चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा पट्टी तांबूस-तपकिरी करतात. खाण्याच्या सोड्यानं ती जेमतेम केशरी होते, कारण तो सौम्य अल्कली आहे आणि कुर्कुमिनचा रंग त्याच सीमेवर बदलतो. लिंबू पिळलं की पिवळेपण परत येतं, पण ते लगेच पिळायला हवं. अल्कलीत कुर्कुमिन हळूहळू तुटतं आणि उशीर झाला की पट्टी फिकी पडते. उन्हातही तेच होतं, म्हणून पट्ट्या बंद डबीत, अंधारात ठेवा.