सेकंडरी निबंध (अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेश)

अमेरिकेत एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथीची) या डॉक्टरकीच्या मूळ पदव्यांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मागणारा उमेदवार सामाईक अर्ज भरतो. त्यानंतर प्रत्येक महाविद्यालय त्याला स्वतःचे वेगळे प्रश्न पाठवते. त्यांची लेखी उत्तरे म्हणजे सेकंडरी निबंध. बोलताना नुसते ‘सेकंडरी’ म्हणतात आणि त्यात पुरवणी अर्ज, त्याची फी आणि निबंध हे सगळेच येते. नीटचे ७२० पैकी गुण आणि सीईटी सेलच्या फेऱ्या एवढ्यावर एमबीबीएसचा प्रवेश ठरताना पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटेल. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत मात्र मुलगा किंवा मुलगी ‘प्रीमेड’ असेल, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा विषय नसतो.

प्रक्रियेतील स्थान

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण साधारणपणे चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते. बहुतेक एमडी महाविद्यालयांचा सामाईक अर्ज ‘ॲमकास’मार्फत जातो. ती असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस (एएएमसी) या संस्थेची सेवा आहे. डीओसाठी ‘एकोमास’ आहे आणि टेक्सासमधील सरकारी महाविद्यालयांची ‘टीएमडीसॅस’ ही वेगळी व्यवस्था आहे. ॲमकासचा अर्ज मे महिन्यात खुला होतो, मेअखेरीपासून सादर करता येतो आणि गुणपत्रकांची पडताळणी होऊन जूनच्या शेवटी महाविद्यालयांकडे जाऊ लागतो. त्यात मोकळ्या जागा धरून ५३०० कॅरेक्टरांचे आत्मनिवेदन असते. शिवाय जास्तीत जास्त १५ अनुभव प्रत्येकी ७०० कॅरेक्टरांत मांडायचे असतात आणि त्यांतल्या तीन महत्त्वाच्या अनुभवांसाठी १३२५ कॅरेक्टर जादा मिळतात. हा मजकूर सगळ्या महाविद्यालयांना एकसारखा दिसतो. त्यामुळे ‘आमच्याकडेच का’ हे तिथे सांगता येत नाही. सेकंडरी निघाली ती ही उणीव भरून काढण्यासाठी.

काही महाविद्यालये एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी) पाहून निवडकांनाच सेकंडरी पाठवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सॅन फ्रान्सिस्को येथील महाविद्यालय त्यांपैकी एक. पुष्कळ ठिकाणी मात्र जवळपास सर्वांनाच ती जाते. फी साधारण ७५ ते १५० डॉलर असते. ज्याला मुलाखतीला बोलावण्याची शक्यताच नाही, त्याच्याकडूनही ती घेतली जाते, ही तक्रार जुनी आहे आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही. कमी उत्पन्नाच्या उमेदवारांना एएएमसीच्या फीसवलत योजनेचा लाभ मिळाला असेल, तर बरीच महाविद्यालये ही फीही माफ करतात.

एक उमेदवार सर्रास १५ ते २० ठिकाणी अर्ज करतो. प्रत्येकाचे तीन-चार प्रश्न धरले तरी दीड-दोन महिन्यांत साठ-सत्तर छोटे निबंध लिहावे लागतात. सेकंडरी दोन आठवड्यांत परत करावी, असा अलिखित नियम आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेश ‘रोलिंग’ पद्धतीचे असतात, म्हणजे अर्ज जसे येतात तसे वाचले जातात आणि मुलाखतीच्या जागा भरत जातात. उशिरा आलेला चांगला अर्ज आधीच आटलेल्या जागांसाठी झगडतो. बऱ्याच महाविद्यालयांचे प्रश्न दरवर्षी फारसे बदलत नाहीत. म्हणून जाणते उमेदवार मागच्या वर्षीच्या प्रश्नांवर मे-जूनमध्येच कच्चे खर्डे करून ठेवतात.

‘आमच्याकडेच का?’

सर्वांत नेहमीचा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त पाट्या टाकल्या जातात त्याही इथेच. नमुना असा: ‘आपल्या संस्थेतील अत्याधुनिक संशोधन, पहिल्या वर्षापासूनचा रुग्णसंपर्क आणि विविधतेने नटलेला रुग्णवर्ग यांमुळे मी आकर्षित झालो.’ यात खोटे काही नाही, पण संस्थेचे नाव बदलले तर हेच वाक्य आणखी १९ ठिकाणी चालते. वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते, कारण त्या दिवशी त्याने तेच अनेकदा वाचलेले असते. संकेतस्थळावरून दोन प्राध्यापकांची आणि एका प्रयोगशाळेची नावे उचलून घातल्यानेही फार फरक पडत नाही.

महाविद्यालयांची उद्दिष्टे खरोखर वेगवेगळी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे असून धर्मश्रद्धा आणि सेवा यांचा संबंध तिथे उघडपणे मांडला जातो. अटलांटाचे मोअरहाउस स्कूल ऑफ मेडिसिन कृष्णवर्णीय आणि वैद्यकीय सेवेपासून वंचित राहिलेल्या लोकांच्या आरोग्यासाठी उभे राहिले. क्लीव्हलँड क्लिनिक लर्नर कॉलेजचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून भर संशोधनावर आहे, आणि तिथे श्रेणींऐवजी पोर्टफोलिओवरून मूल्यमापन होते. मिनेसोटा विद्यापीठाच्या दुलुथ येथील शाखेला ग्रामीण भागासाठी आणि आदिवासी अमेरिकन समाजासाठी डॉक्टर घडवायचे आहेत. संशोधनाची ओढ असलेला उमेदवार दुलुथला आणि खेड्यात दवाखाना काढायचा म्हणणारा लर्नरला अर्ज करत असेल, तर निबंध कितीही घोटला तरी गाडी पुढे सरकत नाही. ‘आमच्याकडेच का’चे अर्धे उत्तर अर्ज कुठे करायचा ते ठरवतानाच दिलेले असते.

दुलुथसाठीचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उमेदवार राज्याच्या उत्तर भागातील एका गावच्या दवाखान्यात दोन वर्षे ‘स्क्राइब’ होती, म्हणजे डॉक्टर तपासत असताना नोंदी टिपण्याचे काम करत होती. तिथून प्रसूतीची सोय असलेले रुग्णालय दीड तासावर. ती लिहिते की नवव्या महिन्यातल्या बाईला बर्फ पडण्याच्या दिवसांत आधीच शहरातल्या नातेवाइकांकडे राहायला पाठवत, आणि ते ठरवताना डॉक्टर नवऱ्याच्या कामाच्या पाळ्या आणि मोठ्या मुलाला कोण सांभाळणार हेही विचारत. मग ती विद्यापीठाच्या ‘आरपॅप’कडे वळते. १९७१ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सुमारे नऊ महिने एकाच ग्रामीण ठिकाणी राहून शिकतात. रुग्णाच्या घरची घडी कळायला एका ठिकाणी ठाण मांडावे लागते, हे तिने पाहिलेले आहे, म्हणून तिला तो कार्यक्रम हवा. हा मजकूर दुसऱ्या महाविद्यालयाला पाठवता येणार नाही. चांगल्या सेकंडरीची याहून सोपी कसोटी नाही.

‘तुम्ही काय वेगळे आणाल?’

हा विविधतेचा प्रश्न. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत, प्रवेश देताना वंश हा निकष म्हणून वापरणे घटनाबाह्य ठरवले. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर झालेला परिणाम उमेदवाराने स्वतः लिहिला असेल, तर तो विचारात घ्यायला आडकाठी नाही, असेही सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात आहे. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी प्रश्नांची शब्दरचना बदलली आणि ‘तुमची जडणघडण’, ‘तुमचे अनुभव’ अशा अंगाने विचारायला सुरुवात केली.

भारतीय वंशाच्या मुलांचे निबंध इथे ठरलेल्या वाटेने जातात: शाळेच्या डब्यावरून झालेली थट्टा, दोन संस्कृतींमधली ओढाताण, आजीचा मधुमेह. हे अनुभव खरे असतात, पण त्या पलीकडे निबंध जात नाही. घरात त्याहून कामाची गोष्ट बहुधा पडून असते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेतून घेऊन येतात. प्रवासी विम्यात जुना आजार सहसा बसत नाही. पाचव्या महिन्यात गोळ्या संपत आल्या की पुढचे काय ते बघण्याचे काम नातीवर येते. गोळ्यांचा हिशेब ठेवणारी, औषधाचे अमेरिकेतले नाव शोधणारी आणि विमा नसताना कुठल्या दवाखान्यात जाता येईल याची चौकशी करणारी मुलगी आरोग्यव्यवस्थेतली फट जवळून ओळखते. तिने तेच लिहावे. डबा राहू द्यावा.

भारतातल्या सुट्टीबद्दल एक इशारा इथेच द्यायला हवा. मामाच्या दवाखान्यात पंधरा दिवस ‘शॅडोइंग’ केले, म्हणजे सोबत राहून काम पाहिले, इथवर ठीक. पण ‘मला टाके घालायला मिळाले’ हे अभिमानाने लिहिले, तर ते अंगाशी येते. प्रशिक्षण आणि परवाना नसताना परदेशी रुग्णांवर हात चालवू नये, अशी एएएमसीची मार्गदर्शक सूचना आहे. अमेरिकेत जे करू दिले नसते ते गरीब रुग्णावर केले, असाच त्याचा अर्थ वाचणारा लावतो.

अपयश, अडचण, खंड

अडचणीच्या प्रश्नात किती मोठे संकट आले याला गुण नाहीत. प्रसंग एक तृतीयांश जागेत उरकावा आणि उरलेली जागा नंतर काय बदलले याला द्यावी. ‘मी फारच मन लावून काम करतो, हेच माझे अपयश’ छापाची उत्तरे कुणालाच पटत नाहीत. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, तर कारण, कालावधी आणि पुढच्या सत्रांतील गुण एवढे सरळ सांगावे. प्राध्यापकावर खापर फोडू नये. पदवीनंतरच्या ‘गॅप इयर’बद्दल लिहिताना ओशाळण्याचे कारण नाही, कारण हल्ली निम्म्याहून अधिक विद्यार्थी खंड घेऊनच येतात.

‘आणखी काही सांगायचे आहे का?’ ही जागा ऐच्छिक असते आणि ती रिकामी सोडता येते. बहुतेकांचा हात मात्र रिकामी जागा पाहून शिवशिवतो आणि आत्मनिवेदनाचीच दुसरी आवृत्ती तयार होते.

निबंध फिरवून वापरणे

साठ-सत्तर निबंध दरवेळी नव्याने लिहिणे माणसाच्या आवाक्यात नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. अडचणीचा निबंध जुजबी बदल करून दहा ठिकाणी जाऊ शकतो. मर्यादा मात्र कुठे १०० शब्दांची, तर कुठे हजाराच्या जवळपास. कापताना पहिला बळी बारकाव्यांचा जातो आणि मागे नुसती विशेषणे उरतात. व्हायला उलटे हवे. दुसऱ्याच महाविद्यालयाचे नाव निबंधात राहून जाणे ही चूक दरवर्षी होते. प्रश्न दोन भागांचा असताना जुना निबंध चिकटवल्यामुळे दुसरा भाग अनुत्तरित राहणे ही चूक त्याहून जास्त वेळा होते, आणि करणाऱ्याला ती कळतही नाही.

वाचणारे आणि मदत करणारे

निबंध वाचणाऱ्यांत प्राध्यापक, प्रवेश विभागाचे कर्मचारी आणि काही ठिकाणी शिकणारे विद्यार्थीही असतात. एएएमसीने पुरस्कारलेल्या सर्वांगीण पद्धतीत अनुभव, गुणविशेष आणि आकडे अशा तिन्ही अंगांनी उमेदवार पाहिला जातो. सेकंडरीतून प्रामुख्याने पहिली दोन दिसतात. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात अनेकदा हेच निबंध असतात. त्यामुळे जे दहा मिनिटे बोलता येणार नाही ते लिहिणे धोक्याचे. काही महाविद्यालये याशिवाय कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात जन्मलेली ‘कॅस्पर’ किंवा एएएमसीची ‘प्रीव्ह्यू’ ही प्रसंगनिर्णयाची चाचणीही मागतात.

पैसे घेऊन निबंध तपासून देणाऱ्या सल्लागारांचा मोठा धंदा या दोन महिन्यांवर चालतो. ॲमकासच्या प्रतिज्ञापत्रात मार्गदर्शक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांची मदत विचारमंथन, मुद्रितशोधन व संपादनापुरती मान्य आहे, पण अंतिम मजकूर उमेदवाराचा स्वतःचा हवा. चार जणांच्या हातून गेलेल्या निबंधातले चुकीचे स्वल्पविराम जातात आणि बोलण्याची ढबही जाते. सल्लागाराकडून ‘हे मला कळले नाही’ एवढे शेरे घेऊन दुरुस्ती स्वतः करणे बरे.

महाराष्ट्रातून एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, जाणाऱ्यांना सेकंडरी लिहावी लागत नाही. त्यांचा अर्ज ‘इरास’ या रेसिडेन्सीच्या सामाईक अर्जव्यवस्थेतून जातो. त्यात आत्मनिवेदन, जास्तीत जास्त दहा अनुभव आणि त्यांपैकी तीन अर्थपूर्ण अनुभवांवर छोटी टिपणे असतात. शिवाय देशाचा कोणता भाग हवा आणि का, हे ३०० कॅरेक्टरांत सांगण्याची सोय आहे. परदेशी पदवीधर तिथे अनेकदा ‘कुठेही चालेल’ असे नोंदवतात, आणि त्या भागाशी काही नाते सांगता येत असूनही ती जागा वाया जाते.