बारा व्होल्ट, चार एलईडी आणि एक मखर

इंदूरला रामबागेत आमच्या ताईकडे दीड दिवसाचा गणपती असतो. गेल्या वर्षी मखराची रोषणाई भाच्याने अंगावर घेतली. महाराणी रोडवरून तीन वॉटचे चार पांढरे एलईडी आणले. बारा व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या विजेचे स्थिर बारा व्होल्ट करून देणारा डबा, घरात पडूनच होता. "मामा, एकाला तीन व्होल्ट, चारांना बारा. झाला हिशेब!" चारही सिरीजमध्ये, म्हणजे माळेसारखे एकामागोमाग एक, जोडून त्याने थर्माकोलला चिकटवले. आरतीला मूर्ती लखलखत होती. प्रसाद हातावर पडेपर्यंत चारही गुल. मागून बघितलं, तर एकाचा पिवळा थर काळा पडलेला आणि त्याच्याखाली थर्माकोल वितळून मोदक बसेल एवढा खड्डा झालेला.

बेरीज बरोबर होती, पण एलईडीला व्होल्टच्या बेरजेशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला हवा असतो ठरावीक करंट. जुन्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आपसूक आवरला जातो. एलईडी पडला डायोड, त्याला असा आपसूक लगाम नसतो. तीन व्होल्टच्या आसपास त्याला एक-दोन दशांश व्होल्ट जास्त मिळाले, तरी करंट दुप्पट होऊ शकतो. त्यात तो तापला की दर अंशामागे त्याची व्होल्टची गरज साधारण दोन ते चार मिलिव्होल्टने उतरते. एसएमपीएस मात्र बारावर अडून बसलेला. म्हणजे तापला की करंट वाढला, करंट वाढला की आणखी तापला. भाच्याच्या मखरात हेच झालं. सिरीजमधला एक तुटला, तसे बाकीचेही विझले.

साधा उपाय म्हणजे एक एलईडी कमी करून तिथे रेझिस्टर, म्हणजे करंटला रोध करणारा छोटा भाग, घालायचा. तीन एलईडींचे मिळून 9.3 व्होल्ट धरा. बारातले उरले 2.7. दहा ओहमचा रेझिस्टर लावला की करंट 0.27 अँपियर. आता एलईडी तापून त्यांची गरज 9 व्होल्टवर आली, तरी करंट फार तर 0.3 होतो. रेझिस्टरमध्ये पाऊण-एक वॉट जळतो, म्हणून तो दोन वॉटचा घ्यावा. पाव वॉटचा घेतलात तर धूर निघेल.

याहून चांगला उपाय कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करून करंट ठरावीक ठेवणारा डबा. त्यावर '300 मिलिअँपियर, 9 ते 12 व्होल्ट' असं काहीसं छापलेलं असतं. आपल्या एलईडींची बेरीज त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसली पाहिजे. एलईडी आधी जोडायचे, बटण मग दाबायचं. मोकळा ड्रायव्हर चालू ठेवला की त्याचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) वरच्या व्होल्टपर्यंत भरून बसतो, आणि नंतर एलईडी टेकवला की सगळा लोंढा त्याच्यावर. आणखी एक: पुष्कळ स्वस्त ड्रायव्हरमध्ये मेन्स, म्हणजे भिंतीतली 230 व्होल्टची वीज, आउटपुटपासून वेगळी केलेलीच नसते. आउटपुटला बारा व्होल्ट लिहिलेल्या तारेलाही हात लावला तर 230 व्होल्टचा झटका बसू शकतो. समया, कलश, ओले हात यांच्या गर्दीत असला ड्रायव्हर मी तरी ठेवणार नाही.

राहिली उष्णता. 'एलईडी थंड असतो' हे अर्धसत्य आहे. त्याच्या उजेडात आच नसते, पण दिलेल्या विजेतली निम्मी किंवा त्याहून अधिक वीज जेमतेम मिलिमीटरभराच्या चिपमध्ये उष्णता होऊन साचते. बल्बची उष्णता उजेडाबरोबर समोर फेकली जाते. एलईडीची मात्र पाठीतूनच बाहेर पडते. म्हणून मागे उष्णता ओढून हवेत सोडणारी ॲल्युमिनियमची हीटसिंक हवी आणि मध्ये, उष्णता नीट पलीकडे जावी म्हणून, थर्मल पेस्टचा पातळ हात. पोळीला तूप लावतो तेवढाच. जाड थर उलट अडसर होतो. थर्माकोल तर थंड पाणी थंड ठेवायला वापरतात, त्यावर एलईडी चिकटवणं म्हणजे त्याला गोधडीत गुंडाळणं.

यंदा तीन एलईडी, हीटसिंक आणि रेझिस्टर. भाच्याने करंट मोजायला मल्टिमीटर लावून ठेवला: सुरुवातीला 0.27 अँपियर, अर्ध्या तासाने 0.28. हीटसिंक कोमट. ताईने आरतीचं तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, "गेल्या वर्षी उजेड जास्त होता रे."