सेन्सर गेला की टायमिंग सरकलं?

सिन्नरहून आमच्या नाशिकच्या गॅरेजवर आलेल्या काकांनी बॉनेट उघडायच्या आधी दोन रिकामी खोकी माझ्या हातात ठेवली. दोन्ही कॅम सेन्सरची. "भाऊ, दोनदा नवा टाकला. आठ दिवस बरं चालतं, मग परत डॅशबोर्डवर इंजिनची ती पिवळी लाईट. आता तुम्हीच एखादा चांगला सेन्सर सुचवा."

स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड आला पी-००१६.

अशी खोकी घेऊन येणारी गिऱ्हाइकं आम्हाला नवी नाहीत. घोळ होतो तो दोन कोडचा: पी-०३४० आणि पी-००१६. दोन्हींच्या वर्णनात 'कॅम' हा शब्द आहे, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. ०३४० म्हणजे कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमची जुळणी, म्हणजेच टायमिंग, बसत नाही. पहिल्यात सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. दुसऱ्यात सेन्सर बदलणं म्हणजे बहुतेकदा चोर सोडून संन्याशाला फाशी.

पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट, आणि दोघांना जोडते ती टायमिंगची चेन किंवा बेल्ट. क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या मारतो तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. क्रँकच्या चकतीवर बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा असते, पण दात ५८च; दोन मुद्दाम गाळलेले. ती रिकामी जागा सेन्सरसमोरून गेली की क्रँक कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं. मात्र वर आलेला पिस्टन कॉम्प्रेशनसाठी आलाय की धूर बाहेर ढकलायला, हे क्रँकवरून समजत नाही. ते कॅमचा सेन्सर सांगतो. कॉम्प्युटर दोन्ही सिग्नल शेजारी ठेवतो आणि बघतो, रिकाम्या जागेनंतर ठरलेल्या अंशावर कॅमची खूण आली का. खूण आलीच नाही तर ०३४०. आली, पण भलत्याच जागी आली, तर ००१६. म्हणजे ००१६ येतो तेव्हा सेन्सरला दिसतंय, तो सांगतोय, आणि जे सांगतोय ते खरं असण्याचीच शक्यता जास्त.

मग काकांचे आठ दिवस बरे का जायचे? सेन्सर बदलला की मिस्त्री कोड पुसतो. कॉम्प्युटरला तोच दोष पुन्हा दिसून खात्री पटेपर्यंत लाईट लागत नाही. श्रेय नव्या सेन्सरला जातं, इतकंच.

गाडीच्या वागण्यातही फरक असतो. सेन्सरचा किंवा वायरचा दोष लहरी असतो. इंजिन तापलं की बंद, थंड झालं की चालू. कधी स्टार्टर नुसताच फिरत राहतो, कधी पहिल्या झटक्यात उचलतो. सॉकेटमध्ये ऑइल उतरलेलं असतं, वायर एक्झॉस्टला टेकून वितळलेली असते, नाहीतर उंदरांनी कुरतडलेली. पार्किंगमध्ये आठ-पंधरा दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत मी आधी उंदीरच शोधतो. ताणलेली चेन अशी लहरी नसते, ती रोज तशीच वागते. सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड, मग शांत. अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरतं. मुंबईहून येताना कसाऱ्याचा घाट पूर्वी ज्या गियरमध्ये निघायचा, तिथे आता एक गियर खाली घ्यावा लागतो. काकांना विचारलं तर म्हणाले, "घाटात दम लागतो खरा, पण गाडी म्हातारी झाली म्हणून सोडून दिलं."

तपासणी सोप्यापासून सुरू करावी. सेन्सरला बहुतेक तीन वायरी असतात: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. चावी ऑन करून मीटरवर सप्लाय बघायचा, गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट. मग सिग्नलच्या वायरवर मीटर ठेवून क्रँक पुलीला पाना लावायचा आणि इंजिन हाताने हळू फिरवायचं, फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने. सिग्नल शून्य आणि पाचमध्ये उड्या मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे. एवढं दहा मिनिटांत होतं, आणि नव्या सेन्सरचे पैसे वाचतात.

टायमिंगची शंका असेल तर मी व्हॅक्यूम गेज लावतो, म्हणजे इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारं मीटर. इथे नाशिककरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुस्तकात निरोगी इंजिनचं आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, रीडिंग पाऱ्याचे १७ ते २१ इंच दिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, आणि आपण जवळपास दोन हजार फुटांवर आहोत. आपल्याकडे १५-१६ आलं तर लगेच इंजिनवर शंका घेऊ नये. काकांच्या गाडीचा काटा १२वर होता, आणि अजिबात हलत नव्हता. एखादा व्हॉल्व्ह जळाला असता तर काटा ठरावीक तालात झटके देतो. स्थिर आणि खाली, ही व्हॉल्व्ह उशिरा उघडत असल्याची खूण. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी आलं तर शंका आणखी पक्की होते.

तरीही चेनचं कव्हर लगेच उघडू नये, हे मी हात पोळून शिकलो. एका गाडीवर हाच ००१६ होता, सोबत पी-००११, म्हणजे कॅम ठरल्यापेक्षा पुढे गेल्याचा कोड. मी शहाणपणाने थेट चेन उघडली. सगळ्या खुणा जागेवर. दोष होता कॅम पुढेमागे करणाऱ्या ऑइलच्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. त्याची बारीक जाळी गाळाने बंद झालेली, त्यामुळे कॅम पुढे जायचा आणि तिथेच अडकायचा. अर्ध्या तासाच्या कामाला दीड दिवस लागला आणि मजुरी मागायला तोंड राहिलं नाही. कॅम पुढेमागे करणारी ही यंत्रणा, व्हीव्हीटी, ऑइलच्या दाबावर चालते. म्हणून आधी ऑइलची पातळी, ग्रेड आणि शेवटचं सर्व्हिसिंग विचारायचं. मग आयडलला सोलेनॉइड स्कॅनरवरून चालवून बघायचं. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर यंत्रणा हलतेय. काहीच फरक पडला नाही तर अडलंय ते तिथेच.

बेल्टची तऱ्हा वेगळी. चेन निदान खडखडते, बेल्ट मुकाट्याने जातो. नाशिकच्याच महिंद्रा कारखान्यात २००७पासून बनलेल्या लोगनच्या १.५ डिझेलला बेल्ट आहे. अशा गाडीत आवाजाची वाट बघू नये, किलोमीटर आणि वर्षं मोजावीत. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. बेल्ट किंवा वॉटर पंपाचं काम झाल्याबरोबर ००१६ आला, तर एक दात चुकल्याचीच शंका आधी घ्यावी. कॅमच्या चाकाला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. ताणलेली चेन मात्र एकेक अंशाने सरकते, म्हणून गाडी बरी चाललेली असतानाच लाईट लागते आणि मालकाला ती खोटी वाटते.

काकांच्या गाडीचं ऑइल जेमतेम काडीच्या टोकाला लागत होतं, तेही डांबरासारखं. ते बदललं, सोलेनॉइड तपासलं, ठणठणीत. मग कव्हर उघडलं. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा पार शेवटापर्यंत बाहेर आलेला, चेन ज्यावरून घसरते त्या गाईडच्या प्लास्टिकवर चेनने चर पाडलेली. नवी चेन, टेन्शनर, गाईड. बसवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं आणि चाकांच्या खुणा पुन्हा पाहिल्या. माझा नवा पोरगा घाबरला, कारण चेनच्या रंगीत कड्या खुणांवर नव्हत्या. त्या दोन फेऱ्यांत परत येत नाहीत, फक्त बसवतानाच जुळवायच्या असतात. व्हॅक्यूमचा काटा १७वर गेला.

गाडी न्यायला आले तेव्हा काकांनी डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कंपनीचा मूळ सेन्सर काढला. "हा तेवढा भंगारात टाका." मी तो सॉकेटला जोडला, मीटर लावला आणि तोंडासमोरून दहाचा पाना फिरवला. शून्य, पाच, शून्य, पाच.