कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात गळ टाकायचाय? फिशिंग लायसन्स काढताना आपले लोक नेमके कुठे अडकतात

मे महिना लागला की मला ठरलेला मेसेज येतो, "दादा, लॉंग वीकेंडला नॉर्थला चाललोय, फिशिंगला लायसन्स लागतं का हो?" आणि तो येतो शुक्रवारी रात्री, कूलर गाडीत भरून झाल्यावर. लागतं बाबांनो. मासा पकडून परत सोडणार असाल तरी लागतं, एक पण मासा नाही लागला तरी लागतं, पाण्यात दोर पडला की तुम्ही फिशिंग करताय, विषय संपला. लायसन्स काढायला पंधरा मिनिटं लागतात, पण तरी दरवर्षी कोणीतरी दंडाचं तिकीट घेऊन परत येतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सगळ्यात मोठा घोळ 'रेसिडेंट' या शब्दाचा. आपल्याला वाटतं पीआर (पर्मनंट रेसिडेन्सी) मिळाला म्हणजे रेसिडेंट, नावातच आहे ना. नाही. इथे तुमचा पासपोर्ट, पीआर, स्टडी परमिट कोणी विचारत नाही, नियम एवढाच की तुमचं मुख्य घर ऑन्टॅरिओत हवं आणि मागच्या 12 महिन्यांत तुम्ही इथे सलग किमान 6 महिने राहिलेले हवेत. म्हणजे स्टडी परमिटवर आलेला पोरगा दीड वर्ष ब्रॅम्प्टनला बेसमेंटमध्ये राहतोय तर तो ऑन्टॅरिओ रेसिडेंट, आणि मार्चमध्ये पीआर घेऊन उतरलेलं कुटुंब मे मध्ये मात्र नॉन-रेसिडेंट, त्यांना जवळजवळ तिप्पट पैसे. कॅलगरीहून, म्हणजे दुसऱ्या प्रांतातून, दोन महिन्यांपूर्वी शिफ्ट झालेले असाल तर तुम्ही कॅनेडियन रेसिडेंट, तो तिसरा प्रकार, त्याचा दर वेगळा.

आता गंमत अशी की ऑनलाइन काढताना कोणी कागद मागत नाही, तुम्हीच टिक करता की मी रेसिडेंट आहे. म्हणून लोक बिनधास्त स्वस्तवालं घेतात. मग तळ्यावर ऑफिसर विचारतो कधीपासून राहता, आणि आपला माणूस खरं सांगून टाकतो, "जस्ट टू मंथ्स सर". झालं, चुकीचं डिक्लेरेशन वेगळं आणि लायसन्स नाही ते वेगळं. एका दुकानाच्या काउंटरवर तर विकणाऱ्यानेच आमच्या ओळखीतल्या एकाला "यू लिव्ह हियर, राइट?" एवढंच विचारून रेसिडेंटचं काढून दिलं होतं. दुकानदार तुमच्यासोबत तळ्यावर येत नाही, तारखा तुम्हीच मोजा. सहा महिन्यांची सीमा जवळची असेल तर लीजचा फोटो फोनमध्ये असू द्या, कोणी मागेलच असं नाही पण बोलायला आधार होतो.

दुसरा घोळ आईबाबांचा, आणि यात मला खरंच वाईट वाटतं. नियम असा की 18 च्या खालच्या आणि 65 किंवा त्यावरच्यांना लायसन्स लागत नाही, फक्त नाव आणि जन्मतारीख असलेलं सरकारी ओळखपत्र जवळ हवं. हे वाचून सगळे खूश, बाबा 67 चे, चला बाबांना फ्री. पण ही सवलत कॅनडात राहणाऱ्यांची आहे. तीन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्यांची नाही. सुपर व्हिसावर (आईबाबांना जास्त काळ राहता येतं तो व्हिसा) दोन वर्षं इथेच असलेले, गावचं घर बंद करून आलेले आईबाबा असतील तर गोष्ट वेगळी, पण व्हिजिटवर आलेल्यांचं मुख्य घर भारतात आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

मी एकदा हे समोर बघितलंय. नॉर्थ बे शहराच्या वर, हायवे 11 सोडून आत गेलं की छोटी छोटी तळी लागतात, तशा एका तळ्याच्या लाकडी डॉकवर मालवणचे एक काका बसले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, रॉड बाजूला ठेवून दोर बोटाला गुंडाळून घेतलेला. रॉडचं काय करायचं, मासा लागला की बोटाला कळतं म्हणाले. आयुष्य खाडीवर गेलेला माणूस, त्यांना पर्चमागून पर्च लागत होते आणि मुलगा शेजारी हजाराची किट घेऊन कोरडा. ऑफिसर आला, सभ्य होता अगदी, मुलाने अभिमानाने सांगितलं ही इज अ सीनियर. कुठे राहतात विचारल्यावर काकांनी स्वतःच हसत सांगितलं, "इंडिया". काकांचा चेहरा नंतर बघवत नव्हता, गुन्हा केल्यासारखे गाडीत जाऊन बसले. एक दिवसाचं लायसन्स मिळतं हो! नॉन-रेसिडेंटला पण मिळतं आणि त्याला आउटडोअर्स कार्डसुद्धा (वर्षाच्या लायसन्सआधी काढावं लागतं ते) लागत नाही. दोन कॉफ्या कमी प्या पण ते काढा.

आणि "फोटोपुरता रॉड हातात दिला होता" हे सांगू नका, दोर पाण्यात असेल तर जो रॉड धरतो तो फिशिंग करतो. फॅमिली डेचा वीकेंड, मदर्स डेचा, फादर्स डेचा आणि उन्हाळ्यातला फॅमिली फिशिंग वीक, या दिवसांत लायसन्सशिवाय चालतं हे खरं, पण तेही कॅनडात राहणाऱ्यांनाच, आणि तेव्हा मर्यादा कॉन्झर्व्हेशन, म्हणजे कमी माशांच्या स्वस्त लायसन्सच्या लागू होतात. भारतातून आलेली भाचरं 18 च्या आत असतील तर लायसन्सवाल्या मोठ्या माणसासोबत बसू शकतात, फक्त त्यांचे मासे त्या मोठ्या माणसाच्या कोट्यात मोजले जातात.

बाकी प्रक्रिया सोपी. प्रांताच्या हंट अँड फिश साइटवर अकाउंट उघडा, नाहीतर सर्व्हिसऑन्टॅरिओच्या काही ऑफिसांत किंवा लायसन्स विकणाऱ्या दुकानात जा. आधी आउटडोअर्स कार्ड, 8.57 डॉलर, तीन कॅलेंडर वर्षं चालतं. त्यावर लायसन्स, रेसिडेंटला वर्षाचं स्पोर्ट 26.57 आणि कॉन्झर्व्हेशन 15.07. हे दर मी लिहितोय तेव्हाचे धरा, पैसे भरायच्या आधी साइटवर बघा. लायसन्सचा जो सारांश ईमेलवर येतो तो प्रिंट करा किंवा फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. डाउनलोड म्हणतोय मी, ईमेलमध्ये आहे म्हणून सोडू नका, नॉर्थला तळ्यावर नेटवर्क मिळत नाही आणि ऑफिसरपुढे गोल गोल फिरणारं चक्र दाखवून काही होत नाही. पत्ता बदलला तर तोही कळवायचा असतो, भाड्याची घरं बदलणारे आपण, हे कोणीच करत नाही.

तारखेचा घोळ. 'वन इयर' म्हणजे 365 दिवस नाही, 31 डिसेंबरला संपतं. ऑक्टोबरमध्ये काढलं तर अडीच-तीन महिनेच. मग जानेवारीत बर्फावर भोक पाडून बसलेले लोक सांगतात अजून नऊ महिने बाकी आहेत. नाहीयेत.

आता स्पोर्ट घ्यायचं की कॉन्झर्व्हेशन. कॉन्झर्व्हेशन म्हणजे स्वस्त आणि कमी मासे, बऱ्याच झोनमध्ये (फिशिंगसाठी पाडलेले प्रांताचे भाग) वॉलआय मासा स्पोर्टला 4 तर कॉन्झर्व्हेशनला 2, बास 6 आणि 2. फॅमिलीसोबत एक दिवस जाणार असाल तर कॉन्झर्व्हेशन भरपूर झालं, खरं सांगतो, चार वॉलआय मिळवायला आधी मासे सापडायला पाहिजेत. ही नॉर्थची छोटी तळी दिसायला मासळी बाजार वाटतात पण तसं नसतं. खाली नुसता खडक, पाणी थंड आणि स्वच्छ, म्हणजेच माशांना खायला कमी. मासा सावकाश वाढतो. लेक ट्राउट तर पिल्लं घालण्याच्या वयाला यायलाच सहा-सात वर्षं किंवा जास्त घेतो, आणि उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तळाच्या थंड थरात दडी मारतो, तिथे ऑक्सिजन कमी पडला तर त्याला जायला जागाच नाही. अशा तळ्यात चार ग्रुपनी चार वीकेंड कूलर भरले की पुढची कित्येक वर्षं तिथे नुसते बोटभर पर्च. म्हणून तर मर्यादा इतक्या बारीक असतात, ऑफिसरला तुमचा राग येतो म्हणून नाही.

तळं कुठलं निवडायचं यासाठी सरकारचाच एक नकाशा आहे, फिश ऑन-लाइन नावाचा, फुकट. तळ्यावर क्लिक केलं की कुठले मासे आहेत, कुठल्या वर्षी कुठली पिल्लं सोडली, झोन कुठला, सगळं दिसतं. छोट्या तळ्यांत ब्रुक ट्राउट किंवा स्प्लेक सोडतात, स्प्लेक म्हणजे ब्रुक ट्राउट आणि लेक ट्राउटचा संकर, रस्ता नाही अशा तळ्यांत तर विमानातून सोडतात. दोन-तीन वर्षांपूर्वी पिल्लं सोडलेली दिसली तर आशा ठेवायला हरकत नाही. शेवटची नोंद पंधरा वर्षांपूर्वीची असेल तर पोहायला जा.

पूर्ण प्रांताचे 20 फिशिंग झोन आहेत आणि प्रत्येकाचे सीझन वेगळे, आणि वर काही तळ्यांना स्वतःचे अपवाद असतात, तेच लोक वाचत नाहीत. झोनचं पान उघडून सीझन बघतात, खाली अपवादांची यादी असते तिथे आपलं तळं आहे का ते शोधत नाहीत. नॉर्थच्या बऱ्याच झोनमध्ये वॉलआय मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, लेक ट्राउट बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरअखेर बंद होतो कारण शरद ऋतूत त्यांचा अंडी घालायचा काळ असतो. बंद सीझनमध्ये "मी पकडून सोडतोय" चालत नाही, त्या माशाच्या मागे लागणं हाच नियमभंग.

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो. आमिषाची पावती! हसू नका. 2022 पासून प्रांताचे चार बेट (bait, म्हणजे आमिष) झोन केलेत, फ्रेंच आणि मटावा नद्यांच्या वर वेगळे, खाली वेगळे, आणि आमिषाचे छोटे मासे किंवा जळवा, जिवंत असोत की मेलेल्या, एका झोनमधून दुसऱ्यात न्यायच्याच नाहीत. म्हणजे खाली मिसिसागाच्या दुकानातून मिनोजची (आमिषाच्या छोट्या माशांची) बादली भरून घेतली आणि नॉर्थ बेच्या वर गेलात तर बादलीसकट अडकलात. आमिष जाल तिथल्या परवानाधारक दुकानातून घ्यायचं, पावती सांभाळायची, आणि दोन आठवड्यांत वापरायचं नाहीतर टाकायचं. पावती नसेल तर आमिष तिथलंच हे सिद्ध कसं करणार? आपण पावती पहिल्या टिम हॉर्टन्सच्या (कॉफीच्या दुकानाच्या) डस्टबिनमध्ये टाकतो. लायसन्सच्या प्रिंटला क्लिप लावून ठेवा. उरलेली बादली तळ्यात ओतायची नाही, किनाऱ्यापासून 30 मीटरच्या आतही नाही, परका मासा एकदा तळ्यात शिरला की तिथल्या ब्रुक ट्राउटचं काही खरं नसतं. काही तळ्यांत आणि अल्गॉन्क्विनसारख्या पार्कात जिवंत मासा आमिष म्हणून चालतच नाही. एवढी भानगड नको असेल तर प्लास्टिकचं किंवा धातूचं खोटं आमिष घ्या, मी तेच करतो.

आणि मासा मिळाला तर? इथे आपली सवय आडवी येते. आपल्याला मासा साफ केल्याशिवाय चैन पडत नाही, खवले, कल्ले, डोकं काढून तुकड्या करून, हळद-मीठ लावून डब्यात, घरी गेलं की रवा लावून तव्यावर. हा डबा घेऊन हायवेला लागू नका. वाहतूक करताना कुठला मासा, किती, आणि साइजची मर्यादा असेल तर केवढा, हे ऑफिसरला बघून कळलं पाहिजे, हळद लावलेल्या चौदा तुकड्यांवरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. तिथेच काठावर लगेच शिजवून खाणार असाल तर ठीक. न्यायचा असेल तर पोट साफ करून अख्खा न्या, किंवा साइजचं बंधन नसलेल्या माशाच्या दोन फाकी करून त्यावर कातडीचा मोठा तुकडा राहू द्या, आणि फाकी एकमेकींना चिकटून गोठवू नका, मोजता आल्या पाहिजेत.

खाण्याआधी अजून एक बघा, ऑन्टॅरिओ सरकारचं मासे खाण्याचं गाइड आहे, तळ्याप्रमाणे आणि माशाच्या लांबीप्रमाणे महिन्यातून किती वेळा खावं ते दिलंय. मोठ्या वॉलआय, पाईक, लेक ट्राउटमध्ये पारा जास्त असतो. गरोदर बायका आणि 15 च्या खालची मुलं यांच्यासाठी वेगळा आकडा आहे, तोच वाचा, वरचा नको. आपल्याकडे बाळंतिणीला मासे घाला म्हणणाऱ्या आज्या आहेत म्हणून सांगतोय.

मोटरची बोट भाड्याने घेणार असाल तर बोटीचं ऑपरेटर कार्ड वेगळं लागतं, किंवा भाड्याने देणारा चेकलिस्ट भरून घेतो ती. काही नॅशनल पार्कांत प्रांताचं लायसन्स चालत नाही, तिथे पार्क्स कॅनडाचं घ्या. आणि त्या फ्रेंच-मटावाच्या वर सरकारी जमिनीवर तंबू टाकणार असाल आणि सोबत व्हिजिटवर आलेले आईबाबा असतील तर त्यांना नॉन-रेसिडेंट कॅम्पिंग परमिट प्रत्येक रात्रीचं, माणशी. हे पण शुक्रवारी रात्री विचारू नका, गुरुवारी विचारा.