पवित्र शास्त्र : मुंबईच्या मराठी इव्हँजेलिकल मंडळ्यांतील वाचन व वापर

बायबल देवप्रेरित आहे आणि श्रद्धा व आचरण यांबाबत त्याचाच शब्द अखेरचा मानावा, ही इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांची मूळ धारणा होय. इव्हँजेलिकल हा स्वतंत्र पंथ नसून अनेक प्रोटेस्टंट पंथांत आढळणारा प्रवाह आहे. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये त्याची चार लक्षणे सांगितली : मनपालट, सुवार्ताकार्य, शास्त्रनिष्ठा आणि क्रूसकेंद्री श्रद्धा. मुंबईत चर्च ऑफ नॉर्थ इंडिया व मेथडिस्ट यांच्या मराठी मंडळ्यांत (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये), तसेच ब्रदरेन व पेंटेकॉस्टल सभांत या वृत्तीचे लोक भेटतात. त्यांच्या बायबलात ६६ पुस्तके असतात. कॅथलिक बायबलात ती ७३ आहेत.

मराठी शास्त्राचा मुंबईशी संबंध जुना आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये येथे आले आणि त्यांच्या मराठी नव्या कराराची छपाई १८२६ मध्ये याच शहरात झाली. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. मंडळ्यांत प्रामुख्याने वापरली जाते ती मात्र बायबल सोसायटीची आवृत्ती. तिच्यातील ‘ह्या’, ‘तुम्हांला’, ‘पाहा’ अशी जुन्या वळणाची मराठी प्रार्थनेतही उतरते, आणि एरवी बंबय्या बोलणारा तरुण डोळे मिटताच ग्रंथातल्या भाषेत बोलू लागतो.

रविवारच्या उपासनेत पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, अध्याय व वचन सांगतात, त्यानंतर काही क्षण फक्त पाने उलटल्याचा आवाज येतो आणि ज्याला आधी सापडले तो शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना जागा बोटाने दाखवतो. चेन असलेल्या रेक्झिनच्या कव्हरातील या प्रती रंगीत पेनांच्या खुणांनी भरलेल्या असतात आणि कोऱ्या पानांवर कुटुंबातील बाप्तिस्म्यांच्या व लग्नांच्या तारखा लिहिलेल्या दिसतात. लोकलमध्ये मोबाइलवर वाचणारे पुष्कळ आहेत. तरी उपासनेला छापील प्रत न्यावी, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. आठवड्यात घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांत एखादा उतारा आळीपाळीने वाचतात आणि त्यातून आपल्याशी काय बोलणे झाले, याची साक्ष देतात.

या वापराचे मर्म ‘वचन’ या शब्दात आहे. क्रमांक दिलेली ओळ, देवाची वाणी आणि दिलेला शब्द हे तिन्ही अर्थ मराठीत या एकाच शब्दात सामावत असल्याने ‘मला वचन मिळाले’ या वाक्यातून वाचन आणि आश्वासन वेगळे काढता येत नाही. इंग्रजी उपासनेला ही सोय नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत अनेक ठिकाणी वचनांची कार्डे वाटतात आणि हाती आलेले वचन वर्षभर कपाटाच्या दारावर किंवा पाकिटात राहते. देवाचे संकल्प हिताचे असून तो आशेचे भविष्य देईल, असे सांगणारे यिर्मया २९:११ हे त्यांतले विशेष लाडके वचन. ते ज्यात येते ते यिर्मया संदेष्ट्याचे मूळ पत्र बाबेलमधील बंदिवान यहुद्यांना लिहिलेले असून, या वचनाच्या आधीच्याच वचनात सुटकेसाठी सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे; कार्डावर ती मुदत येत नाही. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलीला मिळालेले ते वचन मात्र तिच्यापुरते खरे ठरते.

सर्वसाधारण समज असा, की इव्हँजेलिकल लोक बायबलचा शब्दशः अर्थ लावतात. ब्रायन मॅली या अमेरिकन अभ्यासकाने एका बॅप्टिस्ट मंडळीच्या निरीक्षणावरून २००४ मध्ये वेगळे मत मांडले : अर्थ लावण्याची ठराविक पद्धत तेथे फारशी शिकवली जात नाही, परंपरेने आलेल्या श्रद्धांची ग्रंथातील वचनांशी सांगड घालण्याची रीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. मुंबईतही ‘शास्त्र असे सांगते’ या शब्दांनी सुरू झालेल्या वाक्याचा उत्तरार्ध बरेचदा पाळकांच्या किंवा आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. तरीही हा आधार दुतर्फा चालतो. पाळकांचा संदेश न पटलेला सभासद उपासना संपल्यावर त्यांना दाराशी गाठतो, तो बोट वचनावर ठेवूनच. आणि तेथे पाळकांनाही आपली प्रत उघडावी लागते.