धूर स्वच्छ, तरी गाडी नापास : पेट्रोलच्या वाफेच्या गळतीची पार्श्वभूमी

अमेरिकेत उत्सर्जन चाचणीत नापास ठरणाऱ्या काही गाड्यांच्या सायलेन्सरमधून निघणारा वायू पूर्णपणे नियमात बसणारा असतो. इंजिन सुरळीत चालते, ओढ कमी झालेली नसते, पेट्रोलही वाजवीपेक्षा जास्त लागत नाही. फक्त डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटलेला असतो आणि स्कॅनर जोडला की पी०४४२ किंवा पी०४५५ असा कोड दिसतो. पहिला कोड वाफेच्या लहान गळतीचा, तर दुसरा मोठ्या गळतीचा असतो. चालकाला सहसा न जाणवणारा हा दोष मुख्यतः कायद्याच्या दृष्टीने दोष आहे, आणि त्यामुळे तो शोधण्याची आजची रीत समजून घ्यायची असेल तर गॅरेजमधल्या अवजारांच्या आधी त्यामागच्या नियमांचा इतिहास पाहावा लागतो.

१९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे धुके पसरले आणि पुढे ते वारंवार येऊ लागले. सुरुवातीला संशय कारखान्यांवर होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी असे दाखवून दिले की, हायड्रोकार्बन, म्हणजे पेट्रोलमध्ये असणारी कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके तयार होते आणि त्यात ओझोनचा मोठा वाटा असतो. या निष्कर्षाचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला जात नाही. हायड्रोकार्बन हाच कच्चा माल असेल, तर तो जळून बाहेर पडला की न जळताच हवेत उडाला, याला फारसे महत्त्व उरत नाही. टाकीतून निसटणारी वाफ तेव्हापासून धुराच्या पंक्तीला येऊन बसली.

नियंत्रण नसलेल्या त्या काळच्या गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा हिस्सा टाकी आणि कार्बुरेटरमधून बाष्परूपाने जात असे, असा अंदाज तेव्हा मांडला जाई. तरीही या वाटेकडे वळायला वेळ लागला. क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंदिस्त भागातील, वायू पुन्हा इंजिनात वळवण्याची सोय कॅलिफोर्नियातील १९६१ च्या गाड्यांत आली, त्यामागून सायलेन्सरच्या धुरावर मर्यादा आल्या, आणि वाफेवरचे नियंत्रण कॅलिफोर्नियात १९७० च्या, तर देशभर १९७१ च्या मॉडेलांपासून सक्तीचे झाले. त्यासाठी निवडलेला उपाय आजही मूळ रूपात टिकून आहे. सक्रिय कोळशाने भरलेला एक डबा, म्हणजे कॅनिस्टर, टाकीतली वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिनाच्या ओढीने ती वाफ सिलिंडरमध्ये जाऊन जळते, तर व्हेंट व्हॉल्व्हमधून बाहेरची ताजी हवा डब्यात शिरते.

मोजमाप मात्र अवघड होते. पहिल्या पद्धतीत गाडीच्या ठराविक तोंडांना कोळशाचे सापळे लावून त्यांचे वजन किती वाढले ते पाहत, म्हणजे वाफ जिथून येईल असे आधीच मानले होते तेवढीच पकडली जाई. जोडांमधून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून झिरपणारी वाफ हिशेबातच येत नसे. १९७८ च्या मॉडेलांपासून केंद्रीय नियमांत संपूर्ण गाडीच हवाबंद खोलीत ठेवून खोलीतील हायड्रोकार्बन मोजण्याची पद्धत आली. तेव्हा एका चाचणीमागे ६ ग्रॅमची मुभा होती; १९८१ च्या मॉडेलांपासून ती २ ग्रॅमवर आणली गेली.

परंतु हवाबंद खोलीत उभी राहते ती नवी गाडी. रस्त्यावरच्या जुन्या गाडीचे झाकण सैल होते, नळीला चीर जाते, टाकीत पेट्रोल सोडणारी नळी गंजते. १९९० च्या स्वच्छ हवा कायदा दुरुस्तीनंतर पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९२ मध्ये नियतकालिक तपासणीचे कडक नियम आणले आणि त्यांत वाफेच्या यंत्रणेची थेट दाबचाचणी सुचवली. टाकीच्या बाजूला पाण्याच्या १४ इंच स्तंभाएवढा, म्हणजे प्रतिचौरस इंच सुमारे अर्धा पौंड, दाब भरायचा आणि दोन मिनिटांत तो ८ इंचांच्या खाली गेला तर गाडी नापास, असा तो नियम होता. कागदावर तो निर्दोष होता. प्रत्यक्षात नळ्या गाडीच्या पोटात दडलेल्या, उन्हातापाने कडक झालेल्या असत; तपासनीस त्या काढायला गेला की त्या तुटण्याची भीती असे. परिणामी अनेक राज्यांनी टाकीचे झाकण तेवढे काढून तपासण्यावर समाधान मानले. कॅलिफोर्नियाने १९७६ ते १९९५ च्या बहुतेक गाड्यांसाठी कमी दाबाची चाचणी आणली खरी, पण ती २००७ च्या अखेरीस. माझ्या मते या फसलेल्या प्रयोगानेच पुढची दिशा ठरवली, कारण बाहेरच्या माणसाला नळ्यांना हात लावता येत नसेल, तर तपासणी गाडीनेच स्वतःची करावी, हा एकच मार्ग उरत होता.

तो मार्ग १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या अंतर्गत निदान प्रणालीने खुला केला. सुरुवातीला सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळती गाडीने ओळखावी अशी अपेक्षा होती. २००० च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने ती अर्ध्या मिलिमीटरवर आली. पी०४५६ हा अतिलहान गळतीचा कोड या दुसऱ्या मर्यादेशी निगडित आहे. एवढ्या बारीक छिद्राचा शोध घेण्यासाठी कंपन्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. काहींनी इंजिनाच्या ओढीने यंत्रणेत निर्वात निर्माण करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे आणि निर्वात किती वेगाने घटतो ते पाहायचे ठरवले. क्रायस्लरने काही काळ स्वतंत्र पंप वापरला. इंजिन बंद केल्यावर गरम पेट्रोल थंड होताना टाकीत आपोआप जो दाबबदल होतो, त्याचाच उपयोग करून घेण्याची पद्धतही पुढे आली, आणि मला ती सर्वांत चतुर वाटते. अडचण एवढीच की पेट्रोल स्वतः वाफ सोडत असते आणि तिचा दाब मोजणीत मिसळतो. म्हणून टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असेल, हवा फार गरम असेल किंवा गाडी पुरेशी थंड होण्याआधीच सुरू केली असेल, तर संगणक ही तपासणी करायचेच टाळतो.

मेकॅनिकची कसोटी इथे लागते. कोड गळती आहे एवढेच सांगतो. ती कुठे आहे हे सांगत नाही. कोड दिसताच झाकण बदलण्याची सवय काही अंशी त्या जुन्या झाकणतपासणीचा वारसा असावी, आणि सैल झाकण हे खरेच वारंवार आढळणारे कारण असल्याने ती अगदीच चुकीची नाही. तिथे निकाल लागला नाही तर स्मोक मशीन जोडतात. खनिज तेल तापवून केलेला दाट धूर, शक्यतो नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूबरोबर, यंत्रणेत सोडला जातो. साध्या हवेतला ऑक्सिजन टाकीतल्या वाफेत मिसळू देणे धोक्याचे असते. दाब पुन्हा अर्ध्या पौंडाच्या आसपासच ठेवावा लागतो, अन्यथा तपासणीच नवी गळती निर्माण करते. आधी व्हेंट व्हॉल्व्ह बंद करायला विसरले, तर धूर सरळ त्यातूनच निघून जातो. सगळे दोष मात्र धुरात दिसत नाहीत. पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहत असेल, तर पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुरते. व्हेंटची वाट तुंबली असेल, तर पंपावरची नळी पुन्हा पुन्हा आपोआप बंद पडते. टाकी काठोकाठ भरण्याच्या हट्टापायी द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरले, तर कोळसा निकामी होतो.

दुरुस्ती झाली तरी गाडी लगेच पास होत नाही. कोड पुसला की गाडीने स्वतः केलेल्या तपासण्यांच्या पूर्ततेची नोंदही पुसली जाते आणि वाफेची तपासणी सर्वांत उशिरा पूर्ण होते. हे ओळखून ईपीएच्या २००१ च्या नियमाने १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन आणि त्यानंतरच्या गाड्यांना एक अपूर्ण तपासणी चालेल असे ठरवले. कॅलिफोर्नियाने २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांसाठी ही सवलत फक्त वाफेच्या तपासणीपुरती ठेवली. पळवाटही तिथेच होती : कोड पुसायचा आणि दिवा पुन्हा पेटण्याआधी गाडी चाचणीला न्यायची. २०१० च्या सुमाराच्या मॉडेलांपासून आलेल्या कायमस्वरूपी कोडांनी ती बरीच अरुंद केली, कारण ते स्कॅनरने किंवा बॅटरीची तार काढून पुसता येत नाहीत. गाडीने स्वतःची तपासणी पुन्हा करून दोष गेल्याची खात्री केली, तरच ते निघतात.